दिव्यांगांच्या अनुदानातील गैरप्रकार : संशय कशावर घ्यावा आणि तक्रार कुठे करावी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १५०० ऐवजी २५०० रुपये झाले आणि त्याच सुमारास राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने कर्मचाऱ्यांच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण तेव्हापासून आमच्या तालुक्यात पारावर, आठवडे बाजारात आणि ग्रामसभेतही एकच चर्चा ऐकू येते की, अमका तर चांगला धडधाकट दिसतो, मग त्याला अनुदान कसे मिळते? मी गावातल्या दिव्यांग बंधू-भगिनींचे अर्ज भरून देतो, त्यामुळे ही कुजबुज माझ्यापर्यंत येतेच. मला लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर आहे, म्हणून माझ्या प्रमाणपत्रावर आजवर कोणी बोट ठेवले नाही. ज्यांचे दुखणे वरून दिसत नाही त्यांच्याकडे मात्र लोक रोखून पाहतात, आणि खरोखर लबाडी करणारे राजरोस फिरतात, कारण त्यांचे कागद कोणी तपासलेलेच नसतात.

माझे म्हणणे असे की संशय माणसाच्या अंगावर घेऊ नये. कागदावर आणि पैशाच्या वाटेवर घ्यावा. एखादा माणूस चालतो, हसतो, दुकानात बसतो यावरून काहीच ठरत नाही. पण त्याचे प्रमाणपत्र कोणत्या मंडळाने दिले, त्यावरचा क्रमांक सरकारी प्रणालीत आहे की नाही, उत्पन्नाचा दाखला कोणत्या आधारावर निघाला आणि खात्यात जमा झालेली रक्कम कोणाच्या हाती पडते, या गोष्टी तपासता येतात.

आमच्या भागात मला चार प्रकार दिसले आहेत. प्रमाणपत्रच पूर्णपणे बनावट असणे हा पहिला. दुसऱ्यात प्रमाणपत्र खरे असते, पण तपासणीच्या वेळी दलालामार्फत फेरफार केलेला असतो. तिसऱ्यात लाभार्थी वारलेला असतो आणि अनुदान सुरूच राहते. चौथ्या प्रकारात दिव्यांग माणूस खरा असतो, कागदपत्रेही खरी असतात, परंतु पैसे मधलाच कोणीतरी खातो. हा चौथा प्रकार गावोगाव आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, कारण ज्याचे पैसे जातात त्याला त्याच माणसाची पुढच्या महिन्यातही गरज असते. आपापल्या भागातला अनुभव आणि नियमांची माहिती इथे लिहावी. कोणत्याही व्यक्तीचे नाव मात्र या धाग्यावर टाकू नये, ही हात जोडून विनंती.

पांझराकाठ

गिरणाकाठ भाऊ, विषय योग्य वेळी काढलात. मी तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेच्या टेबलावर काम केलेले आहे, तेव्हा कागदांबद्दल लिहितो.

आज लोकांच्या घरात तीन पिढ्यांची प्रमाणपत्रे आहेत. सर्वांत जुनी हाताने लिहिलेली, फोटो चिकटवून त्यावर गोल शिक्का मारलेली, खाली तीन डॉक्टरांच्या सह्या असलेली. त्यानंतर आपल्या राज्यात एसएडीएम या संगणक प्रणालीतून निघालेली. आणि आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरची, ज्यांच्यासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे विशेष ओळखपत्र, मिळते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून देणे बंधनकारक झाले. त्यामुळे त्या तारखेनंतरचे प्रमाणपत्र हस्तलिखित असेल, तर ते हातात घेतल्याबरोबर प्रश्न विचारलाच पाहिजे. उलट २००५ सालचे हस्तलिखित प्रमाणपत्र जुने आहे एवढ्यावरून ते बोगस ठरत नाही. त्या माणसाने अजून यूडीआयडी काढलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ होऊ शकतो. अनेक वृद्ध लाभार्थी केवळ या कारणाने संशयात सापडतात आणि ते मला फार अन्यायाचे वाटते.

यूडीआयडीवर १८ अक्षरे-अंकांचा क्रमांक असतो. तो कार्यालयातील लॉगिनवरून तपासता येतो आणि त्यावर नाव, जन्मवर्ष, दिव्यांगत्वाचा प्रकार व टक्केवारी दिसते. हातातल्या कागदावर ६० टक्के आणि प्रणालीत ३० टक्के अशी तफावत आढळली, तर तिथे चर्चेला जागाच उरत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी कार्डांचे रंगही ठरवले आहेत : ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळे आणि ८० व त्यापुढे निळे. पांढऱ्या कार्डावर लाक्षणिक (बेंचमार्क), म्हणजे ठरावीक मर्यादेवरच्या, दिव्यांगत्वाचे लाभ मिळत नाहीत, कारण कायद्याने त्यासाठी किमान ४० टक्क्यांची अट घातली आहे. दलालांचा सगळा धंदा या ४० च्या उंबरठ्यावर चालतो. पस्तीस टक्क्यांच्या माणसाला ते गाठतात आणि वरचे पाच टक्के विकतात.

आणखी एक बाब उत्पन्नाच्या दाखल्याची. या योजनेत इतर लाभार्थ्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. घरात बागायती केळी, ट्रॅक्टर आणि दाखल्यावर मर्यादेच्या आतले उत्पन्न असेल, तर दिव्यांगत्व शंभर टक्के खरे असूनही तो लाभ चुकीचा ठरू शकतो. तिथे तक्रार वैद्यकीय मंडळाची करून काही साधणार नाही, ती उत्पन्नाच्या दाखल्याविरुद्ध तहसीलदारांकडे करावी लागते. लोक इथेच घोळ घालतात आणि चुकीच्या दारात गेलेला अर्ज दप्तरी दाखल होतो.

सातपुड्याची_लेक

मी धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात आरोग्याचे काम करते. गिरणाकाठ दादांनी न दिसणाऱ्या दुखण्याचा उल्लेख केला, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहू द्या, कारण आमच्याकडे हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. नव्याने आलेल्या प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत, पार्किन्सन आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मानसिक आजार तर आधीपासूनच आहे. गावातल्या माणसाच्या डोळ्यासमोर मात्र अजूनही कुबडी, पांढरी काठी आणि तीनचाकी सायकल एवढेच येते.

आमच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. सिकलसेलचा रुग्ण बरा असतो तेव्हा शेतात जातो, मोळी आणतो, लग्नात नाचतो. मग ताप, थंडी किंवा अंगातले पाणी कमी होण्याचे निमित्त होते, रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अशा वेदना सुरू होतात की माणूस दिवस दिवस अंथरुणातून उठत नाही. काहींच्या खुब्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी पडून ते झिजते. एका ताईचे प्रमाणपत्र अगदी रीतसर आहे. डोक्यावर सरपण घेऊन येताना शेजाऱ्याने तिचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बघा ही अपंग बाई" असे लिहून टाकला. त्यानंतर तिने हयातीचा दाखला द्यायला जायचेच सोडून दिले आणि अनुदान बंद पडले. चौकशी झाली असती तर ती निर्दोषच ठरली असती, पण चौकशी करण्याची वेळच आली नाही. ज्याने तो व्हिडिओ काढला त्याला आपण समाजाचे काम केले असेच आजही वाटते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की तक्रार करायची तर अधिकाऱ्याकडे लेखी करावी. गावात फोटो किंवा व्हिडिओ फिरवू नये.

वकिलीपेशा_धुळे

ताईंनी लिहिलेल्या प्रसंगात कायदा कोणाच्या बाजूने आहे हे सर्वांना माहीत असावे. याच अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत अपमानित करण्याच्या हेतूने हेतुपुरस्सर अवमान करणे किंवा धाक घालणे हा गुन्हा असून त्याला कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि दंडाची शिक्षा आहे. लबाडीने दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्यासाठी कलम ९१ आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बोगस लाभ घेणाऱ्याला होऊ शकते त्यापेक्षा अधिक शिक्षा खऱ्या दिव्यांगाला जाहीरपणे हिणवणाऱ्याला होऊ शकते. तक्रारदाराने या दोन कलमांतील अंतर ओळखून पाऊल टाकावे.

प्रमाणपत्र बनावट असल्यास भारतीय न्याय संहितेतील फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे ही कलमेही लागू होतात. त्याच संहितेच्या कलम २१७ नुसार दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हाही गुन्हा आहे. प्रामाणिकपणे घेतलेली शंका चौकशीत चुकीची ठरली, तर तक्रारदाराने घाबरण्याचे कारण नाही. भाऊबंदकीचा किंवा बांधाचा राग काढण्यासाठी केलेला अर्ज मात्र अंगाशी येऊ शकतो.

चोपडेकर

माझा प्रश्न कर्मचाऱ्यांबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षक बदल्यांत दिव्यांग शिक्षकांना विशेष संवर्ग भाग १ मध्ये प्राधान्य मिळते. आमच्याकडे बदल्यांचे वर्ष आले की काही जणांचे कान अचानक कमी ऐकू लागतात. ज्यांना खरोखर ऐकू येत नाही त्या सहकाऱ्यांचा हक्क यात मारला जातो, आणि उद्या पडताळणीची गाडी आली की तिच्याखाली तेच भरडले जातात. अशा प्रकारात प्रमाणपत्र तर खऱ्या मंडळाचेच असते. मग आक्षेप कशावर घ्यायचा?

पांझराकाठ

चोपडेकर दादा, कानाच्या बाबतीत फेरतपासणीचा मार्ग बराच भक्कम आहे. नेहमीच्या श्रवण तपासणीत कानाला यंत्र लावून आवाज सोडतात आणि ऐकू आल्यावर माणसाने बोट वर करायचे असते. म्हणजे निकाल त्याच्या उत्तरावर अवलंबून राहतो. बेरा नावाच्या तपासणीत डोक्याला तारा लावून आवाजाला श्रवणाचा मज्जातंतू व मेंदूच्या बुंध्यातून मिळणारा प्रतिसाद थेट मोजतात. तिथे माणसाने हो किंवा नाही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे "अमुक शिक्षकाला ऐकू येते, मी त्यांना फोनवर बोलताना पाहिले" असे लिहिण्याऐवजी "या प्रमाणपत्राची बेरा चाचणीसह दुसऱ्या मंडळाकडून फेरतपासणी व्हावी" अशी मागणी करावी. श्रवणयंत्र लावून फोनवर बोलणारी माणसे असतात, म्हणून पहिल्या वाक्याला किंमत नाही. असा अर्ज मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या नावे द्यावा आणि प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना द्यावी.

ज्याचे प्रमाणपत्र खरे आहे त्याने फेरतपासणीला बिचकू नये. टक्केवारी चुकीची लावली असे वाटले तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. हे कलम नाकारल्या गेलेल्या खऱ्या दिव्यांगासाठी आहे आणि ते फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

तापीतीर

मला चौथ्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे, कारण तो मी जवळून पाहिला.

आमच्या शेजारी एक बाबा आहेत. कुष्ठरोगातून बरे झाले, पण बोटे झिजून गेली. पैसे काढायला ते गावातल्या एका केंद्रावर जात. तिथला मुलगा यंत्रावर त्यांचा अंगठा ठेवी, "लागला नाही बाबा, पुन्हा ठेवा" म्हणे, आणि दुसऱ्यांदा ठेवल्यावर रक्कम हातात देई. बाबा मला म्हणाले, "काय करू भाऊ, मना अंगठा लागत नही." मी त्यांना घेऊन बँकेच्या शाखेत गेलो आणि पासबुक भरून घेतले. एकाच दिवशी, लागोपाठ दोन रकमा काढल्याच्या नोंदी होत्या, आणि असे एका महिन्यात घडलेले नव्हते. म्हणजे "लागला नाही" म्हटलेला पहिला अंगठा लागलेला होता. बाबांना एकाही व्यवहाराची पावती मिळाली नव्हती, आणि पासबुक कित्येक वर्षांत यंत्रात गेलेच नव्हते.

शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला, पासबुकाची झेरॉक्स जोडली, त्या नोंदींवर पेनाने खूण केली. वाद झाला, आरडाओरडा झाला, पण कागद समोर असल्यामुळे त्या मुलाला काही बोलता आले नाही आणि बाबांची रक्कम परत आली. माझे सर्वांना सांगणे आहे की आपल्या घरी किंवा गल्लीत अंगठ्यावर पैसे काढणारा दिव्यांग असेल तर दर महिन्याला पासबुक भरून आणावे, आणि पावती मिळाल्याशिवाय केंद्रावरून उठू नये. फोनवर "तुमची पेन्शन बंद होतेय, ओटीपी सांगा" असे सांगून पैसे काढले गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

अमळनेरची_सून

तापीतीर भाऊ, बाबांसाठी तुम्ही केलेत ते मोलाचे आहे. मला वारलेल्या लाभार्थ्याबद्दल विचारायचे होते. आमच्या गल्लीत आजी वारल्या, पण सून अजूनही त्यांच्या एटीएमवर पैसे काढते. घर अतिशय गरीब आहे. तक्रार करावी असे मनातून वाटत नाही आणि गप्प बसणेही योग्य वाटत नाही.

गिरणाकाठ

ताई, आधी त्या सूनबाईंशी स्वतः बोला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली की अनुदान आपोआप बंद होते, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो कागद तहसीलच्या संजय गांधी शाखेपर्यंत कोणीतरी न्यावा लागतो. मृत्यू दाखल्याची प्रत आणि एक साधा अर्ज त्यांच्याकडून द्यायला लावा. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा हे केव्हाही बरे. घरात विधवा किंवा दुसरी पात्र व्यक्ती असेल तर तिचा स्वतंत्र अर्ज त्याच दिवशी भरता येईल. तो भरायला मी मदत करीन. समजावूनही ऐकले नाही तर मात्र तहसीलदारांना कळवावे लागेल, कारण तो पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा आहे.

आता तक्रार अर्जाबद्दल. अर्ज एका पानाचा असावा. त्यात योजनेचे नाव, गाव, लाभ कधीपासून सुरू आहे, आपल्याला नेमकी कोणती विसंगती दिसली आणि आपण ती कशावरून म्हणतो, हे लिहावे. "अमका लंगडत नाही" हे वाक्य खोडून टाकावे. "प्रमाणपत्र जून २०२१ नंतरचे असूनही हस्तलिखित आहे" किंवा "उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा यांत मेळ नाही" अशी वाक्ये ठेवावीत. शेवटी मागणी एकच असावी : पडताळणी करून नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा. शिक्षा काय द्यावी हे आपण लिहायचे नसते. नाव-पत्ता नसलेला अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो. त्यामुळे सही करावी आणि आपले नाव गोपनीय ठेवण्याची विनंती त्यातच लिहावी.

अनुदानाचा विषय असेल तर तहसीलदार, प्रमाणपत्राचा असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक, आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के दिव्यांग निधीचा असेल तर गटविकास अधिकारी, अशी दारे आहेत. या सर्वांवर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. "आपले सरकार" पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे आधी विहित नमुन्यात अर्ज देऊन ठेवल्यास अधिकाऱ्यांसमोर बोलता येते. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

वकिलीपेशा_धुळे

एक पुरवणी. प्रमाणपत्र देण्यासाठी कोणी लोकसेवक, किंवा त्याच्या नावाने दलाल, पैसे मागत असेल तर पैसे देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवावे. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील तरी सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास देणारा गुन्हेगार ठरत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हाही गुन्हा केला, पण सक्तीने द्यावी लागलेल्या माणसासाठी ही वाट मोकळी ठेवली आहे. दलालाने फसवलेले अनेक खरे दिव्यांग याच भीतीने गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चोपडेकर

पांझराकाठ दादा, बेरा चाचणीबद्दल आभार. एकच विचारतो. अर्ज दिला, पोहोच घेतली आणि पुढे काहीच कळले नाही तर काय करावे? माहितीच्या अधिकारात त्या व्यक्तीचे प्रमाणपत्रच मागवावे का?

पांझराकाठ

प्रमाणपत्राची प्रत मागू नका. ती त्या व्यक्तीची वैयक्तिक, आजारपणाची माहिती असते आणि बहुतेक वेळा कलम ८ दाखवून अर्ज फेटाळला जातो. त्याऐवजी आपल्याच तक्रारीबद्दल विचारा : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणाकडे आहे, आणि झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात. अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांचा तपशील तर कलम ४ प्रमाणे कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायचा असतो, त्यामुळे गावाची यादी मागण्यात गैर काही नाही. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांची द्वितीय अपिले तिथेच चालतात. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला खासगी निरोप पाठवा, मी तयार करून देतो.